बैलाचं शिंग आणि सातवा महिना: बीपी चांगलं होतं, मग बाळ का गेलं?

प्रश्न विचारणारे डॉक्टर एका ग्रामीण रुग्णालयात बाँडची (पदवीनंतरची सक्तीची सरकारी) नोकरी करतात. पहाटे साडेसहाला त्यांच्याकडे २३ वर्षांची पहिलटकरीण आली. २८ आठवडे झालेले. गोठ्यात शेण काढताना बैलानं शिंगावर घेतलं होतं. डाव्या बाजूला बेंबीच्या वर जखम, तिच्यातून आतड्याचं वेटोळं बाहेर. बीपी १०४/६०, नाडी १०८, बाळाचे ठोके १७०. केसपेपरवर ‘पेशंट स्टेबल’ लिहून, जखमेवर पट्टी बांधून, एक सलाईन सुरू करून त्यांनी तिला १०८ च्या गाडीतून ७० किलोमीटरवर जिल्ह्याला पाठवलं. ती पोचली तेव्हा वरचं बीपी ७० होतं आणि बाळाचे ठोके लागत नव्हते. ऑपरेशनमध्ये पोटातून दीड लिटर रक्त निघालं. लहान आतड्याला दोन भोकं, प्लीहेला चीर. गर्भाशय आणि वार (प्लॅसेंटा) मात्र शाबूत. आई वाचली. डॉक्टर विचारतात, गर्भाशयाला ओरखडाही नव्हता, मग बाळ का गेलं? आणि त्या पहिल्या अर्ध्या तासात माझ्या हातात काय होतं?

मी जनरल सर्जन. बावीस वर्षं तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यांत गेली. बैलाची, म्हशीची, क्वचित रानडुकराची पोटं बरीच शिवली. त्यात गरोदर बायका मोजक्याच, पण त्या एकेक लक्षात आहेत. ऑपरेशन टेबलावर जे करतो ते अवघड नसतं. अवघड असतं ते त्याआधीचं, म्हणजे तुमच्या टेबलावरचं. म्हणून उत्तर लांबणार आहे.

तुमच्या तीन आकड्यांपासूनच सुरू करू. नाडी १०८. तुम्ही मनात म्हणालात, गरोदरपणात नाडी दहा-पंधरानं वाढतेच, शिवाय घाबरली आहे, दुखतंय. बीपी १०४/६०. म्हणालात, गरोदर बाईचं बीपी थोडं कमीच असतं. ठोके १७०. म्हणालात, आई घाबरली की बाळाचेही वाढतात. प्रत्येक आकड्याला एकेक सबब मिळाली आणि तिन्ही सुटले. तिन्ही एका ओळीत वाचा. बाळाचे ठोके ११० ते १६० च्या मध्ये असायला हवेत. ज्या बाईच्या पोटाला भोक आहे, नाडी शंभराच्या वर आहे आणि बाळाचे ठोके १७० आहेत, ती रक्त गमावते आहे. दुसरं काही सिद्ध होईपर्यंत हेच धरायचं.

बीपी का फसवतं ते पाहा. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीपर्यंत बाईच्या अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं. बाळंतपणात जाणाऱ्या रक्ताची ही निसर्गानं केलेली बेगमी. तिच्या जोरावर ती १२०० ते १५०० मिलिलीटर रक्त घालवूनही बीपी टिकवून धरते. तुमच्या पेशंटच्या पोटात दीड लिटरच निघालं, हा योगायोग नाही. ती तुमच्या टेबलावर होती तेव्हा त्यातलं बरंचसं आधीच पोटात जमा होत होतं.

आणि हे बीपी ती टिकवते कशाच्या जिवावर? शरीर संकटात सापडलं की मेंदू आणि हृदय सांभाळतं, बाकीच्यांचा पुरवठा आवळतं. गर्भाशयाकडे जाणारं रक्त या आवळण्यात सगळ्यात आधी कमी होतं. दिवस भरत येताना गर्भाशयाकडे मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलीटर रक्त जात असतं आणि त्या रक्तवाहिन्या आधीच पूर्ण सैलावलेल्या असतात. दाब उतरला तर त्यांना आणखी सैलावून प्रवाह राखता येत नाही, आणि ॲड्रिनलिन चढलं की त्या आवळतात. म्हणजे आईचं बीपी १०४ दिसत होतं त्याची किंमत बाळ मोजत होतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. गर्भाशयाला काही झालं नव्हतं. गर्भाशयाकडे रक्तच पोचत नव्हतं.

म्हणून माझ्या टेबलावर डॉप्लर, म्हणजे बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र, हा आईच्या तपासणीचा भाग असतो. बाळ जगेल का ते बघायला मी ठोके ऐकत नाही, आईचं रक्त किती गेलं ते बघायला ऐकतो. ठोके वाढणं, मग घसरणं, हे तिच्या बीपीच्या कितीतरी आधी होतं. डॉप्लरला खर्च नाही, सिस्टरलाही येतो, दर पाच मिनिटांनी ऐकून कागदावर लिहायला सांगा. बाकी खुणा जुन्याच आहेत, त्या गरोदरपणातही खोटं बोलत नाहीत: गार हात, नखावर दाबल्यावर उशिरा परतणारा रंग, कॅथेटरमध्ये न उतरणारी लघवी, आणि विचारलेल्याला नीट उत्तर न देणारी, चुळबुळ करणारी बाई.

आता ती गाडीत कशी झोपली होती ते सांगा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैज लावतो, उताणी. २८ आठवड्यांचं गर्भाशय बेंबीच्या बरंच वर आलेलं असतं. बाई उताणी पडली की ते थेट मागच्या मोठ्या शिरेवर बसतं आणि पायांकडून हृदयाकडे येणारं रक्त अडतं. हृदयातून बाहेर पडणारं रक्त यानं सुमारे ३० टक्क्यांपर्यंत घटू शकतं. ज्या बाईचं दीड लिटर गेलंय तिचं आणखी एवढं हिरावून घ्यायचं, तेही ७० किलोमीटरभर! गर्भाशय बेंबीपाशी किंवा वर असेल तर तिला डावीकडे कलती ठेवायची. उजव्या कमरेखाली घडी केलेलं ब्लँकेट सरकवा, साधारण १५ ते ३० अंश. मणक्याला इजा असेल अशी शंका असेल तर बाई फळीवर बांधा आणि आख्खी फळी उजवीकडून उचला. दोन्ही जमत नसेल तर एका माणसानं तिच्या डाव्या बाजूला उभं राहून दोन्ही हातांनी गर्भाशय स्वतःकडे ओढून धरायचं. हे काम मावशीही करू शकतात, मी करवून घेतलं आहे. अर्ध्या तासातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम हेच.

जखमेकडे वळू. जखम दिसते, म्हणून सगळे तिच्याभोवती जमतात. कोथळा बाहेर आलेला बघून नातेवाईक टॉवेल, धोतर, साडी गुंडाळून आणतात. कधी त्यावर हळद दाबलेली असते. एकदा चुलीतली राख होती. बाहेर आलेलं आतडं आत ढकलायचं नाही. आत ढकललं तर शेण-माती पोटात जाते, आणि भोक असलेलं आतडं आत नाहीसं झाल्यावर शोधायला आम्हाला जड जातं. सलाईननं वरून धुवा, कोमट सलाईनमध्ये भिजवलेलं निर्जंतुक गॉज त्यावर ठेवा, त्यावर स्वच्छ प्लास्टिक, म्हणजे ओल टिकते आणि ऊब जात नाही. सलाईनची निर्जंतुक रिकामी पिशवी कापून चालते. वेटोळं पिळलेलं असेल, काळं पडत असेल आणि जखम त्याला आवळत असेल तर फक्त पीळ सोडवा. कोरडी पट्टी घट्ट बांधू नका. गाडीतल्या तासाभरात आतडं त्या कापसाला चिकटतं आणि सुकतं. पोटात काही रुतलेलं असेल, विळा, काठी, फाळाचा तुकडा, तर ते जागच्या जागी ठेवून भोवती पॅड बांधायचं. ओढून काढायचं ते ऑपरेशन टेबलावरच.

आणि जखमेत बोट घालून खोली मोजू नका. बैलाच्या शिंगाची जखम हा स्वतंत्र प्रकार आहे, तो चाकूच्या जखमेसारखा नसतो. बैल शिंग घुसवतो आणि मग मान वर झटकतो. बाहेर चार बोटांची जखम, आत वीतभर मार्ग, आणि तो बहुतेक वेळा वर जातो. म्हणजे बेंबीशेजारी लागलेलं शिंग छाती आणि पोटामधल्या पडद्यापर्यंत, कधी छातीत गेलेलं असतं. वर बैलानं तिला उचलून आपटलेलंही असतं, तेव्हा भोसकल्याबरोबर मुका मारही असतो. बैलाच्या शिंगाला शेंबी (टोकाची धातूची टोपी) होती का, टोक तासलेलं होतं का, तिला नुसती ढुशी दिली की उचलून फेकलं, हे घरच्यांना विचारा. फेकलं असेल तर वार सुटण्याची भीती धरून चला. काही वेळा कातडी फाटतच नाही, आतला स्नायू मात्र फाटतो आणि फुगार दिसतो. त्यालाही तेवढंच गंभीर समजा.

थोडं अवांतर. नेदरलँड्समधल्या झांडाम गावात १६४७ मध्ये एका बैलानं गरोदर बाईला शिंगावर घेतलं, तिचं पोट फाटून मूल बाहेर पडलं. आई दोन दिवसांत गेली, मूल काही महिने जगलं. त्या गावातल्या चर्चला आजही बैलाचं चर्च म्हणतात. मी इंटर्नना ही गोष्ट सांगतो, कारण त्यांना वाटतं बैल हा फक्त आपल्या खेड्यांचा प्रश्न आहे.

आत काय लागलं असेल, याचा अंदाज गरोदरपण बदलून टाकतं. वाढणारं गर्भाशय आतड्यांना वर आणि बाजूला रेटतं. म्हणून शेवटच्या महिन्यांत बेंबीच्या खाली बसलेल्या घावाला गर्भाशय ढालीसारखं आडवं येतं, आई बऱ्याचदा थोडक्यात सुटते आणि बाळ सापडतं. बेंबीच्या वर बसला तर उलट: तिथे आतडी दाटीवाटीनं बसलेली असतात, एकाच घावात अनेक ठिकाणी भोकं पडतात. तुमच्या पेशंटला नेमकं हेच झालं. गरोदर पोट ताणलेलं असतं, त्यामुळे आत घाण पसरली तरी पोट लाकडासारखं कडक लागेलच असं नाही. ‘पोट मऊ आहे’ यावर विसंबू नका. पडदाही चार एक सेंटिमीटर वर सरकलेला असतो. छातीत नळी टाकायची वेळ आली तर नेहमीच्या जागेपेक्षा एक-दोन फासळ्या वर, तिसऱ्या-चौथ्या फटीतून टाका, नाहीतर नळी यकृतात किंवा प्लीहेत जाईल.

श्वासाबद्दल एकच. या बायकांकडे प्राणवायूचा साठा कमी आणि खर्च जास्त. ऑक्सिजन मास्कनं जोरात सुरू करा, सॅच्युरेशन ९५ च्या वर ठेवा, त्याहून खाली गेलं की बाळाला जाणवतं. श्वासनलिकेत ट्यूब टाकायची वेळ आली तर घशाला सूज असते, ट्यूब अर्धा-एक नंबर लहान घ्या, आणि पोट भरलेलंच आहे असं समजा. राइल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) आधीच टाकून ठेवली तर बरं. एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) काढायची सोय असेल तर एक सापळा लक्षात ठेवा: गरोदर बाईचा कार्बन डायऑक्साइड ३० च्या आसपास असतो. तिचा ४० आला तर तो ‘नॉर्मल’ नाही, ती दमली आहे.

सलाईन एकच आणि कुठे लावलं होतं? मोठ्या सुईच्या दोन लाइन्स, दोन्ही हातांत. पायात लावलेलं सलाईन त्याच दबलेल्या शिरेतून वर यायला धडपडतं. क्रॉस-मॅचिंगचं (द्यायचं रक्त जुळतं का ते बघायचं) रक्त त्याच सुईतून काढून घ्या, ते पेशंटबरोबर पाठवता येतं किंवा नातेवाइकाला पुढे पिटाळता येतं. गरम केलेलं रिंगर लॅक्टेट एक लिटरपर्यंत द्या, नंतर तिला पाणी नको, रक्त हवं. बाकी ट्रॉमामध्ये आपण वरचं बीपी ९० असलं तरी थांबतो, नुसतं पाणी ओतत नाही. तो नियम इथे जसाच्या तसा लावू नका, कारण त्या ९० वर आई तगते, बाळ नाही. बीपी वाढवायला ॲड्रिनलिन-नॉरॲड्रिनलिनची घाई करू नका, ती औषधं गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून, इजेनंतर तीन तासांच्या आत. हे इंजेक्शन बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावासाठी तुमच्या लेबर रूमच्या ट्रेमध्ये असतं. कॅज्युअल्टीत कुणाला आठवत नाही एवढंच.

रक्ताचा गट माहीत नसेल तर ओ निगेटिव्ह. ते आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून शोधाशोध पहिल्या मिनिटापासून. मिळालंच नाही आणि बाई हातातून जात असेल तर ओ पॉझिटिव्ह द्यायला कचरू नका, मेलेल्या बाईला अँटीडीचा (आरएच निगेटिव्ह बाईच्या अंगात पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून द्यायच्या इंजेक्शनचा) उपयोग नाही. आणि घरच्यांकडे माता बाल संरक्षण कार्ड मागा. ते बहुतेक कपाटात राहिलेलं असतं, कुणाला तरी मोटारसायकलवरून पाठवा किंवा आशाताईंना फोन लावा, कार्डाचा फोटो दोन मिनिटांत येतो. त्यावर रक्तगट असतो (रक्त देताना मात्र नमुना तपासूनच), आधीचं हिमोग्लोबिन असतं, दिवस किती झाले ते असतं, टीडीचे (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचे) डोस असतात. गोठ्यातली जखम म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण. डोस पूर्ण असतील तर ठीक, नसतील किंवा खात्री नसेल तर टीडीबरोबर टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन २५० युनिट. दोन्ही गरोदरपणात सुरक्षित आहेत. पहिला अँटिबायोटिक डोस तुमच्याकडेच द्या, सेफ्ट्रायॅक्झोन आणि मेट्रोनिडॅझोल पुरतात. आई आरएच निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटीडी ३०० मायक्रोग्रॅम. हे तुमचं काम नाही, पण रेफर चिठ्ठीवर लाल शाईत लिहायचं काम तुमचं आहे.

सोनोग्राफीवरून एक भांडण नेहमी होतं, ते इथेच करून टाकतो. पोटात रक्त आहे का ते बघायला प्रोब दोन मिनिटं लावायचा असतो. पण गरोदर बाई म्हटलं की कॅज्युअल्टीतले डॉक्टर पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याच्या भीतीनं मशीनला हात लावत नाहीत. तो १९९४ चा कायदा गरजेचा आहे, त्यात माझा वाद नाही. मशीन आणि डॉक्टर दोन्ही नोंदणीकृत असतील तर फॉर्म एफ (त्या कायद्याखालचा सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म) भरा आणि तपासा. नोंदणी नसेल तर नका करू, पण ‘सोनोग्राफी झाली नाही’ म्हणून तिला ताटकळत ठेवू नका. कोथळा बाहेर आलेल्या पोटाला ऑपरेशन लागणारच आहे, त्यासाठी सोनोग्राफीचा पुरावा लागत नाही. एक्स-रे आणि सीटीची भीती तर याहून पोकळ. पोटाच्या एका सीटीमध्ये बाळाला मिळणारे किरण साधारण १० ते २५ मिलिग्रे असतात आणि काळजीची पातळी ५० मिलिग्रेच्या वर सुरू होते. लागत असेल ती तपासणी करायची. जी बाई गेली तिच्या बाळाला किरणांपासून वाचवून काय मिळवलं?

आतून तपासणी करण्याची घाई नको. वार खाली आहे का हे माहीत नसताना बोट घालून आपणच रक्तस्राव सुरू करून देऊ. पॅड बघा: रक्त आहे का, पाणमोट फुटल्यासारखं पाणी आहे का. पोटावर हात ठेवून दोन-तीन मिनिटं शांत उभे राहा, गर्भाशय आवळून येतंय का, सैल न पडता कडकच राहतंय का. वार सुटली तरी रक्त बाहेर येईलच असं नाही, ते मागे साचून राहतं. रक्ताची तपासणी होत असेल तर फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) मागवा. गरोदरपणात ते ४०० च्या वर असायला हवं. लॅबच्या छापील पट्ट्यात २०० ‘नॉर्मल’मध्ये बसतं, पण या बाईत २०० म्हणजे गोठण्याची यंत्रणा ढासळते आहे.

आता फोन. तुमच्या वर्णनात फोन कुठेच नाही आणि मला ते सगळ्यात जास्त खटकलं. गाडी निघण्याआधी जिल्ह्याच्या ड्यूटीवरच्या सर्जनशी स्वतः बोला. सिस्टर टू सिस्टर नको, व्हॉट्सॲपवर रेफर चिठ्ठीचा फोटो टाकून मोकळं होणंही नको. चार वाक्यं पुरतात: किती दिवसांची गरोदर, काय लागलं आणि कुठे, आत्ताचे आकडे आणि मागच्या वीस मिनिटांत ते कसे बदलले, किती वाजता पोचेल. सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि लहान मुलांचे डॉक्टर हे चौघे आणि रक्ताच्या चार पिशव्या ती यायच्या आधी तयार हव्यात. आमच्याकडे फोन आला असेल तर गाडीतून थेट ओटी. फोन नसेल तर कॅज्युअल्टी, मग सर्जिकल वॉर्ड की लेबर वॉर्ड यावर वाद, मग कॉल पाठवणं. यात पाऊण तास जातो आणि तो पाऊण तास कुठल्याही केसपेपरवर दिसत नाही. १०८ च्या गाडीत डॉक्टर असतात, त्यांनाही तीन गोष्टी तोंडानं सांगा: डावीकडे कलती, ठोके दर पाच मिनिटांनी, गॉज ओलं.

ऑपरेशनमध्ये काय होतं हे तुम्हाला माहीत असायला हवं, कारण नातेवाईक तुम्हालाच विचारतात, ‘डॉक्टर, बाळ काढणार का?’ पोट उघडणं म्हणजे सिझेरियन नव्हे. आम्ही बेंबीच्या वर-खाली उभा छेद घेतो, रक्त थांबवतो, आतडं शिवतो किंवा कापून जोडतो, आणि गर्भाशय नीट असेल, बाळाचे ठोके ठीक असतील तर त्याला हातही न लावता पोट बंद करतो. आतडं तपासताना गर्भाशय ओढायचं, पिळायचं नाही, हे मात्र पाळावं लागतं. बाळ काढायचं ते ठरावीक वेळीच: ते जगण्याइतकं मोठं आहे आणि त्रासात आहे, गर्भाशय फाटलंय आणि रक्त थांबत नाही, गर्भाशय आडवं आल्यामुळे मागची मोठी रक्तवाहिनी गाठता येत नाही, किंवा आईचं हृदय थांबलंय. बाळ आधीच गेलेलं असेल आणि गर्भाशय धड असेल तर सहसा ते नैसर्गिक मार्गानं बाहेर येऊ द्यावं. नव्या टाक्यांसह कळा द्यायला बायकांना जमतं, टाके उसवत नाहीत.

हे मी शहाणपणानं सांगतोय, पण शिकलो चुकीतून. नोकरीच्या पहिल्या वर्षांत २९ आठवड्यांच्या एका बाईच्या आतड्याची जखम शिवून झाल्यावर, ‘पोट उघडलंच आहे तर’ म्हणून आम्ही बाळ काढलं. ठोके चांगले होते. काढायचं कारण नव्हतं. तिथे व्हेंटिलेटर नव्हता, ते दुसऱ्या दिवशी गेलं. पुढे काही वर्षांनी ३१ आठवड्यांच्या एकीला म्हशीनं मारलं. आतड्याची चार भोकं शिवली, गर्भाशयाच्या वरच्या भागाला वरवरची चीर होती, तिला टाके घातले आणि थांबलो. तिला पुढच्या रुग्णालयात सिझेरियननं नऊ महिने भरायच्या थोडं आधी मुलगी झाली.

पोचायच्या आधी, तुमच्या टेबलावरच तिचं हृदय थांबलं असतं तर? हे वाचायला कुणाला आवडत नाही, पण २८ आठवड्यांच्या बाईत यावर विचार आधीच करून ठेवावा लागतो. छाती दाबणं सुरू, एकानं गर्भाशय डावीकडे ओढून धरलेलं. चार मिनिटांत हृदय परत आलं नाही तर पाचव्या मिनिटापर्यंत बाळ बाहेर हवं. हे ऑपरेशन आईसाठी असतं: गर्भाशय रिकामं झालं की दाबलेली शीर सुटते आणि छाती दाबण्याला अर्थ येतो. ओटीत न्यायचं नाही, ठोके ऐकत बसायचं नाही, भूल लागत नाही. एक ब्लेड लागतं, उभा छेद, आणि हे करायचं धाडस. ज्यानं आयुष्यात सिझेरियनला मदतनीस म्हणूनसुद्धा हात लावलेला नाही त्याच्याकडून मी ही अपेक्षा करणार नाही. पण तुमच्या रुग्णालयात दर आठवड्याला सिझेरियन होत असेल तर जाऊन उभे राहा.

चाकूचे आणि गोळीचे वार वेगळे. गोळी पोटात गेली की जवळपास नेहमीच पोट उघडावं लागतं. चाकूचा वार वरवरचा असेल, बाई आणि बाळ दोघं शांत असतील, तर सोय असलेल्या ठिकाणी लक्ष ठेवून थांबता येतं. पोलिसांना कळवायचं, एमएलसी (पोलिस केस म्हणून वैद्यकीय नोंद) करायची, पण त्यासाठी उपचार एक मिनिटही अडवायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. कपडे कापताना भोकावरून कात्री चालवू नका, भोकाला वळसा घालून कापा आणि कागदी पिशवीत ठेवा. आणि ‘विळ्यावर पडली’ असं नवरा सांगत असेल, बाई गप्प असेल, तर त्याला काहीतरी आणायला बाहेर पाठवा आणि सिस्टरला तिच्याशी बोलू द्या. बैलाच्या नावावर खपवलेली एक जखम मी पाहिली आहे. कडा सरळ होत्या, आत मातीचा कण नव्हता, आणि त्यांच्या गोठ्यात बैलच नव्हता.

बाळ आणि आई दोघं टिकली तरी पुढचे २४ तास तिला सर्जिकल वॉर्डच्या कोपऱ्यात सोडून चालत नाही. किमान चार तास ठोके सलग ऐकायचे, कळा किंवा रक्त असेल तर २४ तास. दिवस ३४ आठवड्यांच्या आत असतील तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम दर १२ तासांनी, चार डोस. कळा थांबवायच्या गोळ्या मात्र विचार करून: वार सुटत असेल तर त्या कळा थांबवणं म्हणजे धोक्याची घंटा बंद करणं, आणि त्यातल्या निफेडिपिननं बीपीही पडतं. पायात गुठळी होऊ नये म्हणून तिला लवकर चालतं करा, रक्तस्राव थांबल्याची खात्री झाली की हिपॅरिन.

तुमच्या पेशंटबद्दल दोन गोष्टी राहिल्या. २८ आठवड्यांचं बाळ गेलं तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला दूध उतरणार. सर्जिकल वॉर्डात हे कुणी आधी सांगत नाही. टाक्यांचं पोट, भरलेले स्तन आणि रिकामा पाळणा, ती घाबरून जाते. तिथल्या सिस्टरना फोन करून सांगा, दूध थांबवायच्या गोळीबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारायला सांगा. आणि तिच्या डिस्चार्ज कार्डावर ‘गर्भाशयाला छेद नाही’ हे तीन शब्द लिहिलेत का ते बघा. नाहीतर दोन वर्षांनी ती परत गरोदर राहील, पोटावरचा उभा व्रण बघून कुणीतरी तिला आधीचं सिझेरियन समजेल आणि गरज नसताना तारीख देऊन मोकळं होईल.